३१ ऑक्टोबरला पोर्चचा दिवा चालू की बंद?

विचारणाऱ्या ताई दोन वर्षांपूर्वी पुण्याहून डॅलसजवळ राहायला आल्या आहेत. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा पाच. गेल्या ३१ ऑक्टोबरला, म्हणजे सोंगं घेतलेली मुलं दारोदार खाऊ मागत फिरतात त्या हॅलोवीनच्या संध्याकाळी, ताईंनी पडदे ओढले, दिवे मालवले आणि चौघं मागच्या खोलीत बसले. बेल वाजली की धाकटा उठून दाराकडे पळायचा आणि त्याला दाबून बसवावं लागायचं. शेवटी तो रडत झोपला. यंदा सप्टेंबरपासूनच त्याचं विचारणं सुरू झालंय. मिस्टरांचं म्हणणं, भुताखेतांच्या सणाशी ख्रिस्ती घराचा काही संबंध नाही. चर्चमध्ये गाड्यांच्या डिक्या सजवून चॉकलेटं वाटतात, त्यालाही त्यांची ना आहे. पुण्याहून सासूबाई व्हिडिओवर रोज आठवण करून देतात, "घरात असलं काही आणू नका." ताई विचारतात, आमच्यासारख्यांनी नेमकं करावं काय?

ताई, आधी एक कबुली. पहिल्या वर्षी आम्हीही दिवे मालवून बसलो होतो. न्यू जर्सीतलं भाड्याचं घर होतं आणि मुलं तुमच्या मुलांपेक्षा लहान होती. दुसऱ्या दिवशी शेजारच्या बाई काळजीने विचारायला आल्या, "काल तुमच्याकडे कोणी आजारी होतं का? अंधार होता." काय सांगावं ते मला सुचेना. पुढे बावीस वर्षं संडे स्कूल चालवताना ऑक्टोबर आला की हा प्रश्न दरवर्षी दहा घरांतून माझ्याकडे येतो. केरळच्या, तमिळ, कोरियन, नायजेरियन कुटुंबांचाही हाच प्रश्न असतो. पण आपल्या मराठी ख्रिस्ती लोकांना त्याचं उत्तर घरातूनच मिळालेलं असतं. ते इथे आल्यावर आठवत नाही, एवढंच.

मी नगरची. वाड्यात ख्रिस्ती घर आमचं एकच होतं. दिवाळीत आमच्या दारात लक्ष्मीची पावलं नसायची आणि घरात लक्ष्मीपूजन व्हायचं नाही, हे सगळ्या वाड्याला ठाऊक होतं. पण वसुबारसेपासून फराळाची ताटं यायला लागायची. आई ती दोन्ही हातांनी घ्यायची, ताट रिकामं परत करायची नाही, आणि नाताळात आमच्या करंज्या-चकल्यांची ताटं उलट दिशेने निघायची. पूजेचा प्रसाद कोणी आणला, तर वडील शांतपणे सांगायचे, "काकू, हे आम्हाला नको, चिवडा मात्र अजून द्या." काकू हसून चिवडा वाढायच्या. याच वाड्यासारख्या दुसऱ्या एका वाड्यात माझे मामा राहायचे, ते फराळसुद्धा घ्यायचे नाहीत. दोघंही प्रभूला भिऊन वागणारे. पौलाने करिंथकरांना मूर्तीपुढच्या नैवेद्याबद्दल लिहिलेले अध्याय, म्हणजे पहिल्या पत्रातले आठ ते दहा, आमच्या घरात दर दिवाळीला जिवंत व्हायचे. बाजारात मिळतं ते खा, फार चौकशी करत बसू नका. पण हे नैवेद्याचं आहे असं कोणी मुद्दाम सांगितलं, तर त्याच्या विवेकासाठी खाऊ नका. वडील आणि मामा या दोन वाक्यांच्या मधे कुठेतरी उभे होते, आणि तरी एकाच मेजावर प्रभुभोजन घ्यायचे.

तर पहिलं काम पर्याय शोधण्याचं नाही. तुम्ही आणि तुमचे मिस्टर नेमकं काय नाकारता आहात, हे दोघांनी बसून ठरवा. हॅलोवीन म्हणून जे रस्त्यावर दिसतं, त्यात चार वेगवेगळ्या गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असतात. मृत्यूची, रक्ताची, प्रेतांची थट्टा ही एक. भविष्य सांगणं, विजा (Ouija) बोर्डासारखे मेलेल्यांना बोलावण्याचे खेळ ही दुसरी. सोंगं घेऊन नटणं तिसरी. आणि शेजाऱ्यांच्या दारी जाऊन गोड खाऊ मागणं चौथी. दुसरीबद्दल शास्त्रात शंकेला जागाच नाही, जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाचा अठरावा अध्याय उघडा. पहिली माझ्या घरात येत नाही, आणि पाच वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांपुढे तर येऊच नये. तिसरी आणि चौथी मात्र पाप आहेत, असं मला बावीस वर्षांत कोणी पटवून देऊ शकलेलं नाही. तुमच्या मिस्टरांचं मत वेगळं असू शकतं. पण चौघींना एका गाठोड्यात बांधून फेकलं की मुलाला कळतं ते इतकंच, की बाबांना शेजारी आणि चॉकलेट आवडत नाही.

इतिहासाबद्दल थोडंसं, कारण व्हॉट्सॲपवर या दिवसांत दोन्ही बाजूंनी बरंच काही फिरतं. हॅलोवीन हे नावच ख्रिस्ती आहे: सर्व संतांच्या दिवसाची, म्हणजे १ नोव्हेंबरची, आदली संध्याकाळ. आठव्या शतकात पोप तिसरे ग्रेगरी यांनी रोममध्ये सर्व संतांच्या नावे एक प्रार्थनागृह अर्पण केलं आणि नवव्या शतकात १ नोव्हेंबरचा सण पश्चिमेकडच्या ख्रिस्ती मंडळीत सर्वत्र पसरला. २ नोव्हेंबर हा मृत विश्वासूंच्या स्मरणाचा दिवस. आयर्लंड-स्कॉटलंडकडे याच सुमारास साउइन नावाचा हंगाम संपण्याचा जुना सण होता, त्याच्या कितीतरी चालीरीती या संध्याकाळीत मिसळल्या. दोन्ही तारखांचं नातं नेमकं कसं जुळलं, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. म्हणून "हा सैतानाचा वाढदिवस" हे जसं खोटं, तसंच "हा तर शुद्ध ख्रिस्ती सण" हेही अर्धवट. भोपळा कोरायची पद्धत आयरिश लोकांनी इथे आणली. तिकडे ते सलगम कोरायचे, इथे भोपळा मिळाला, तो मऊ आणि मोठा. आणि दारोदार जाण्याचं मूळ शोधायला इंग्लंडात मागे गेलात, तर गरिबांची मुलं मृतांसाठी प्रार्थना करण्याच्या बदल्यात दारोदार छोटे गोड केक मागत फिरताना दिसतात.

याच्याशी आमच्या नगरचा एक गमतीचा धागा आहे. अमेरिकेच्या ईशान्येकडच्या न्यू इंग्लंडमधल्या प्युरिटन, म्हणजे कडक शिस्तीच्या प्रॉटेस्टंट, लोकांना हॅलोवीन तर नकोच होतं, पण नाताळही नको होता. मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ ते १६८१ नाताळ साजरा करणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता! त्याच परंपरेतल्या मंडळ्यांनी पुढे मिशनरी पाठवले, ते १८१३ मध्ये मुंबईला उतरले आणि १८३१ मध्ये नगरला पोचले. आम्ही त्यांच्याकडून सुवार्ता घेतली आणि नाताळला करंज्या तळल्या. कुठला सण कुणी कसा करावा यावर फार ताठ बोलायची वेळ आली, की मला हे आठवतं.

आता खरं उत्तर. माझ्या मते तुमच्यासाठी सगळ्यात चांगला पर्याय तुमचं स्वतःचं दार आहे. चर्चचा कार्यक्रम त्यानंतर. इथे पोर्चचा दिवा चालू म्हणजे या, बंद म्हणजे येऊ नका, हा अलिखित नियम लहान मुलांनाही माहीत असतो. वर्षातले बाकी ३६४ दिवस तुमच्या गल्लीत गाड्या गराजमध्ये शिरतात आणि दारं बंद होतात. ही एकच संध्याकाळ अशी, की सगळी गल्ली पायी चालत तुमच्या उंबऱ्यापर्यंत येते. परक्या देशात नव्याने आलेल्या घराला ही संधी पैसे देऊनही मिळत नाही. ती आपण अंधारात बसून घालवतो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आम्ही काय करतो ते सांगते. साडेपाचच्या सुमारास ड्राइव्हवेच्या तोंडाशी एक घडीचं टेबल मांडतो. सांगाडे नाहीत, कोळ्याची जाळी नाही. गव्हाच्या पेंढीसारख्या सुक्या काड्या, दोनतीन न कोरलेले भोपळे, मक्याची कणसं आणि बॅटरीवरचे पिवळे दिवे. मुलांसाठी मोठी चॉकलेटं, म्हणजे दुकानात एकेक विकतात ती पूर्ण आकाराची. बाकी घरं बोटभर तुकडे देतात, त्यामुळे आमच्या घराचं नाव गल्लीतल्या पोरांत झालंय. खर्च वाढतो हे खरं. म्हणून पहिल्या वर्षी शेजाऱ्यांना विचारा, तुमच्या रस्त्यावर साधारण किती मुलं येतात. आमच्याकडे साठ येतात, पण दोन गल्ल्या पलीकडे दोनशे. मोठी चॉकलेटं झेपत नसतील तर लहान द्या, पण मूठभर द्या. आणि खरा खेळ आईबापांसाठी मांडलेला असतो: एका थर्मासमध्ये आलं घातलेला चहा, दुसऱ्यात गरम ॲपल सायडर, म्हणजे सफरचंदाचा रस. ऑक्टोबरअखेर न्यू जर्सीत बोटं गारठतात. पोरं पुढच्या घरी पळतात, आईबाप कप हातात घेऊन थांबतात, आणि ते दहा मिनिटं थांबले की बोलतात. आमच्या समोरच्या काकांच्या पत्नीला कॅन्सर आहे, हे आम्हाला त्या टेबलापाशी कळलं. टेक्सासात थंडी नसेल, तर लिंबू सरबत ठेवा.

धाकट्याला काम द्या. माझ्याकडची पाच वर्षांची पोरं वाटायला उभी केली की मागायला जायचं विसरतात. तो सोंग घेऊन उभा राहील का? राहू दे की, सिंहाचं, शेतकऱ्याचं, अंतराळवीराचं. आमच्या घरात सोंगाचा नियम एकच होता: ज्याला बघून तीन वर्षांचं मूल रडेल ते घालायचं नाही.

एक मोरपंखी रंगाचा भोपळाही टेबलावर ठेवा. त्याचा अर्थ इथे असा, की या घरी ॲलर्जीच्या मुलांसाठी खाण्याऐवजी दुसरं काही आहे: पेन्सिल, स्टिकर, चमकणारी रबरी बांगडी. फूड ॲलर्जीवर काम करणाऱ्या एका संस्थेने २०१४ पासून ही खूण देशभर रुजवली. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या पोराची आई तो भोपळा बघून ज्या चेहऱ्याने तुमच्याकडे येते, तो चेहरा एकदा बघाच.

वचनाची पत्रिका द्यावी का, हे मला दरवर्षी विचारतात. द्यायची असेल तर चॉकलेटबरोबर, तीही छोटी, मुलाला वाचता येईल अशी. चॉकलेट न देता नुसती पत्रिका पिशवीत टाकणारं घर पोरांच्या लक्षात राहतं, आणि चांगल्या अर्थाने नाही. नरकाचं चित्र असलेली पत्रिका तर अजिबात नको. काही मंडळ्या इथे १९७० च्या दशकापासून नरकाचे देखावे उभे करतात: अंधाऱ्या खोल्या, किंकाळ्या, अपघाताचे प्रसंग, आणि शेवटच्या खोलीत सुवार्तेचं आवाहन. मी एकदा पाहायला गेले होते. तेरा-चौदा वर्षांच्या मुली रडत बाहेर येत होत्या, आणि दारात कोणीतरी हातात कार्ड घेऊन येशूला स्वीकारण्याचा निर्णय झालेल्यांची मोजदाद करत होतं. ज्या भीतीसाठी आपण हॅलोवीन नाकारतो, तीच तिकीट लावून विकायची, हे मला मान्य नाही.

आता डिक्यांचा कार्यक्रम, म्हणजे ट्रंक-ऑर-ट्रीट. तुमच्या मिस्टरांच्या शंकेत थोडं तथ्य आहे, पण त्यांच्या मनातलं कारण वेगळं आणि माझं वेगळं. चर्चच्या पार्किंगमध्ये गाड्या ओळीने लावतात, डिकी उघडून तिच्यात योनाचा मासा, नोहाचं तारू, दानिएलाच्या सिंहांची गुहा असं काही उभारतात आणि मुलं एकेका गाडीपाशी जाऊन चॉकलेट घेतात. सुरक्षित असतं, उजेड असतो, पाऊस आला तर आत जाता येतं. अपार्टमेंटमध्ये किंवा फुटपाथ नसलेल्या भागात राहणाऱ्यांना याहून बरं काही नाही. माझी तक्रार एवढीच, की बरेचदा तिथे चर्चचीच मुलं चर्चच्याच लोकांकडून चॉकलेट घेतात. वीस मिनिटांत पिशवी भरते, ओळ संपते, घरी. हे तेच हॅलोवीन, फक्त कुंपणाच्या आत.

आमच्याकडे आम्ही तीन गोष्टी बदलल्या, आणि कार्यक्रमाला जीव आला. पहिली म्हणजे तो ३१ तारखेला न करता आधीच्या शनिवारी दुपारी ठेवला, म्हणजे ३१ ला लोक आपापल्या दारात मोकळे. दुसरी, प्रत्येक डिकीपाशी काहीतरी करायला लावलं: योनाच्या माशाच्या तोंडात चेंडू टाकायचा, यरीहोची खोक्यांची भिंत पाडायची, दाविदाच्या गोफणीऐवजी मऊ कापडी गोळा नेम धरून मारायचा. चॉकलेट शेवटी. तिसरी, आजूबाजूच्या दोन अपार्टमेंट संकुलांत आठवडाभर आधी चिठ्ठ्या वाटल्या, इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये.

तुम्ही आयोजनात शिरलात, तर मी अनुभवाने शिकलेलं सांगते. दोन गाड्यांमध्ये एक जागा रिकामी सोडा, नाहीतर डिकीपुढे गर्दी तुंबते. कार्यक्रम सुरू झाल्यावर एकही इंजिन चालू होता कामा नये. उशिरा आलेल्यांनी रस्त्यावर लावावी. एका वर्षी एक काका लवकर निघायचं म्हणून गाडी मागे घेऊ लागले आणि मागे एक छोटी फुलपाखरू होऊन उभी होती. कुणाला काही झालं नाही, पण त्या संध्याकाळी माझे हात तासभर थरथरत होते. तेव्हापासून पार्किंगच्या दोन्ही तोंडांना शंकू आणि माणूस. डिकीचा दिवा तासनतास चालू ठेवला तर बॅटरी उतरते, म्हणून वेगळे सेलचे दिवे आणा. आणि प्रत्येक गाडीपाशी दोन मोठी माणसं हवीत. एकट्या माणसाच्या ताब्यात मुलं सोडायची नाहीत, मग तो कितीही ओळखीचा असो.

बायबलमधल्या सोंगांचं एक सांगून ठेवते. "फक्त बायबलमधलीच पात्रं" असा नियम केला की आपण निश्चिंत झालो, असं वाटतं. पहिल्याच वर्षी आमच्याकडे सहा दाविद तलवारी घेऊन आले, आणि एक मुलगा गळ्याभोवती पुठ्ठ्याचं टेबल आणि तबक लावून आला: बाप्तिस्मा करणारा योहान, ज्याचं कापलेलं शिर तबकात आणलं होतं तो. शास्त्राधार चोख होता. आजीबाईंना मात्र घेरी आली.

३१ ऑक्टोबरला घरात स्वतःचा काही अर्थ हवा असेल, तर तो बाहेरून आणायची गरज नाही. १५१७ साली याच तारखेला विटेनबर्गमध्ये मार्टिन लूथर यांनी पापक्षमेच्या चिठ्ठ्यांच्या विक्रीविरुद्ध आपले ९५ मुद्दे मांडले, परंपरा सांगते की चर्चच्या दारावर ठोकले. लुथरन आणि अनेक प्रेस्बिटेरियन मंडळ्या हा धर्मसुधारणेचा दिवस पाळतात. फ्रिजच्या खोक्याचं दार करा, मुलांना त्यावर चिठ्ठ्या चिकटवू द्या. इथल्या संडे स्कूलमध्ये जेलीचे गांडूळ वाटतात, कारण १५२१ मध्ये लूथरना ज्या सभेपुढे उभं केलं, तिच्या गावाचं नाव वोर्म्स, आणि इंग्रजीत वर्म म्हणजे गांडूळ. पोरांना हा विनोद दरवर्षी नव्याने आवडतो.

पण मराठी घरासाठी या दिवसाचा गाभा मला दुसराच वाटतो. लूथर यांनी नवा करार जर्मनमध्ये आणला, तो १५२२ मध्ये छापला गेला. लोकांच्या बोलीत शास्त्र, या हट्टाची वाट पुढे आपल्यापर्यंत येते: सेरामपूरला विल्यम कॅरी यांच्या छापखान्यातून १८११ मध्ये मराठी नवा करार निघाला, आणि पंडिता रमाबाईंनी आयुष्याच्या अखेरीपर्यंत केडगावला बसून अख्खं बायबल बायकांना समजेल अशा सोप्या मराठीत उतरवलं. त्या संध्याकाळी तुमच्या मुलीला मराठीतलं शेहेचाळिसावं स्तोत्र वाचायला द्या, लूथर यांचं प्रसिद्ध गीत त्यावरच आहे. ती अडखळेल. इथे वाढणाऱ्या मुलांचं मराठी वाचन अडखळतंच. आजीला व्हिडिओवर घ्या, चुका आजी दुरुस्त करील. सासूबाईंना "घरात काय आणू नका" सांगण्याऐवजी घरात करायचं काम मिळेल, आणि माझा अनुभव असा, की काम मिळालं की आज्या निवळतात.

एक सावधगिरी मात्र बाळगा. हा दिवस कॅथलिकांना नावं ठेवायचा करू नका. तुमच्या ओळखीत वसईची, गोव्याची कुटुंबं असतीलच. १९९९ मध्ये याच ३१ ऑक्टोबरला ऑग्सबर्गला लुथरन आणि कॅथलिक मंडळ्यांनी, विश्वासाने नीतिमान ठरणं या मूळ वादाच्या प्रश्नावर एकत्र निवेदनावर सह्या केल्या आहेत.

त्या कॅथलिक कुटुंबांकडून शिकण्यासारखं खूप आहे, कारण १ नोव्हेंबर त्यांच्याकडे अजून जिवंत आहे. मुलं एकेका संताचं रूप घेऊन येतात आणि बाकीच्यांनी चार प्रश्नांत ओळखायचं. आमच्या शहरातल्या एका वसईकर घरातला मुलगा दरवर्षी संत गोन्सालो गार्सिया होतो. वसईत जन्मलेले, १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर मारले गेलेले, १८६२ मध्ये संत घोषित झालेले. अमेरिकन मुलांना ते कधीच ओळखता येत नाहीत, म्हणून तो कायम जिंकतो. गोव्याची मुलं संत जोसेफ वाझ होतात. आम्ही प्रॉटेस्टंट, आम्ही आमच्या मुलांना रमाबाई केलं, पांढरी साडी आणि हातात जाड पुस्तक, आणि एकदा रेव्हरंड टिळक, फेटा बांधून, हातात चिपळ्या देऊन. फेटा बांधायला यूट्यूब बघावं लागलं, हे कबूल करते.

आणि १ किंवा २ नोव्हेंबरला जेवणाच्या टेबलावर आजोबांचा, पणजीचा फोटो ठेवून एक मेणबत्ती लावा आणि त्यांच्याबद्दल एकेक गोष्ट सांगा. आपण मृतांना हाक मारत नाही, त्यांच्यासाठी देवाचे आभार मानतो. इब्री पत्रातल्या साक्षीरूपी मेघाचा, म्हणजे आपल्याआधी होऊन गेलेल्या विश्वासूंचा, अर्थ मुलांना असा कळतो. आदल्या रात्री बाहेर प्लास्टिकचे सांगाडे पाहून आलेल्या मुलाला हे फार हवं असतं. तुमचा धाकटा कधीतरी विचारणारच, "भूत खरं असतं का?" तेव्हा "गप्प, असलं बोलू नये" म्हणू नका. शिष्यांनाही रात्री सरोवरावर भूत दिसल्यासारखं वाटलं आणि ते ओरडले, ही गोष्ट मत्तयाच्या चौदाव्या अध्यायात आहे. येशू त्यांना रागावला नाही. "धीर धरा, मी आहे, भिऊ नका," म्हणाला. माझा धाकटा कितीतरी रात्री या ओळीवर झोपला.

हंगामाची उपासना तर आपल्या रक्तात आहे. गावाकडच्या मंडळीत पहिली कणसं, भोपळे, कोंबडी, अंडी वेदीपाशी यायची आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव. आम्ही तोच लिलाव इथे नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी करतो. माझ्या मिस्टरांनी एकदा चाळीस डॉलरला एक दुधी घेतला, ज्यासाठी मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही. पैसे गावच्या शाळेला जातात. अमेरिकन पाहुण्यांना तर हा प्रकार इतका आवडला, की आता तेच आम्हाला तारीख विचारतात.

दारोदार जाण्याचा मोह मुलांना आवरत नसेल, तर त्यालाही जुना मार्ग आहे. १९५० मध्ये फिलाडेल्फियात मेरी एमा ॲलिसन आणि त्यांचे प्रेस्बिटेरियन पाळक पती क्लाइड यांनी आपल्या मुलांना खाऊऐवजी युनिसेफसाठी सुटे पैसे गोळा करायला पाठवलं, त्यातून पुढे नारिंगी डब्यांची चाल पडली. मोठ्या मुलांना, बारा-तेराच्या पुढच्या, मी फूड बँकेसाठी डबाबंद अन्न मागत पाठवते. त्या वयात सोंग घ्यायची लाज वाटते आणि घरी बसायचीही. काम दिलं की दोन्ही सुटतं.

शाळेचं थोडक्यात. प्राथमिक शाळांत सोंगांची मिरवणूक आणि वर्गात पार्टी असते. सप्टेंबर संपायच्या आत शिक्षिकेला दोन ओळी लिहा: "आमचं कुटुंब भुताखेतांचे विषय टाळतं. मुलगी पुस्तकातलं पात्र होऊन येईल. भीतिदायक सिनेमा असेल तर तिला लायब्ररीत बसू द्यावं." शिक्षकांना अशा चिठ्ठ्यांची सवय असते, असले सण न पाळणाऱ्या यहोवाच्या साक्षीदार पंथाची मुलं तर पार्टीला थांबतच नाहीत. त्या दिवशी मुलीला घरी ठेवू नका. तिच्या वर्गात ती आधीच वेगळी आहे.

राहिले तुमचे मिस्टर. त्यांना जिंकायचा प्रयत्न करू नका. रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय, खाण्यावरून आणि दिवसांवरून एकमेकांना दोष देऊ नका असं सांगणारा, दोघांनी मिळून वाचा आणि यंदा जेवढं त्यांच्या विवेकाला झेपेल तेवढंच करा. फक्त दिवा चालू आणि टेबल, एवढ्यावर तयार झाले तरी पुष्कळ. माझे मिस्टर पहिल्या वर्षी घरातच बसले होते. दुसऱ्या वर्षी चहा गाळायला बाहेर आले, कारण माझा चहा पाणचट होतो असं त्यांचं ठाम मत आहे. आता ते टेबल सोडत नाहीत. २०२४ साली तर लक्ष्मीपूजन ३१ ला की १ ला असा घोळ होता आणि आमच्या गल्लीत एका दारात पणत्या, शेजारच्या दारात सांगाडा, मधे आमचं टेबल. गुजराती शेजारीण फराळाचं ताट घेऊन आली. ते मी आईसारखंच दोन्ही हातांनी घेतलं.

शेवटचं, स्वयंपाकघरातलं. कोरायचा मोठा भोपळा पाणचट आणि धाग्याधाग्यांचा असतो, त्याचे घारगे करायला जाऊ नका. त्यासाठी छोटा पाय पंपकिन किंवा बटरनट आणा. बिया मात्र मोठ्याच्याच छान भाजतात. आणि घरी केलेले लाडू दारावर वाटू नका. मी हौसेने चाळीस बेसनाचे लाडू वळले होते. इथे अनोळखी घरचं उघडं खाणं आईबाप फेकून देतात, आणि काजूची ॲलर्जी कुणाला असेल ते कळत नाही. पाकीटबंदच द्या. लाडू डब्यात भरा, ज्या घरी आपलं नाव माहीत आहे तिथे दुसऱ्या दिवशी धाकट्याच्या हाती पाठवा, आणि त्याला सांगा, डबा रिकामा आला तरी चालेल.